अर्धी ताकद

ता. ११, मंगळवार
सकाळी, कामावर जाण्याआधी

चि. खारूस,

दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून चकित होशील. फोन हाताशी असताना पत्र कसलं, असं तुझी बायको म्हणेल. पण फोनवर मी काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. ‘बरं आहे ना? बरं आहे. ठेवू?’ एवढ्यात आपलं संपतं. कागद बिचारा ‘ठेवू?’ म्हणत नाही. अक्षर फार दाबून आलंय, मागच्या बाजूला उमटलंय, तेवढं चालवून घे.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीची शिवणाची मशीन तू जाताना दुरुस्त करून गेलास ती अजून बिनतक्रार चालते. पोरगं वसतिगृहात रमलं, आता सुट्टीतसुद्धा घरी यायला कुरकुरतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मी आवळला. इतका आवळला की आता उघडायला पक्कड लागते. वहिनी म्हणते, ‘गळत होता तेच बरं होतं, निदान पाणी तरी मिळत होतं.’

तू तिला फोनवर म्हणालास, ‘वहिनी, दादाला सांग, एकदा नुसतं ये म्हण. दुकानाला कुलूप लावून येतो.’ तो निरोप तिने मला जेवताना ताटात वाढला आणि समोर बसून राहिली. त्याचं उत्तर द्यायलाच हे पत्र लिहायला घेतलंय. पण उत्तर लगेच देत नाही. आधी घरची खबरबात होऊ दे.

खबर अशी की मी योगाच्या वर्गाला जातो. हस, हस. गावच्या शाळेत आपण एकच आसन शिकलो होतो: हाताची घडी, तोंडावर बोट. गुरुजी म्हणायचे, याच्यासारखी घडी साऱ्या वर्गात कोणाची नाही. सुट्टीची घंटा झाली तरी मी घडी सोडत नसे. तू मात्र घंटेच्या आधीच झाडावर असायचास, म्हणून तर तुझं नाव खार पडलं.

जातो ते हातामुळे. उजवा हात सकाळी उघडत नाही. रात्री झोपेत मूठ आवळली जाते ती तशीच राहते. मग वहिनी शेजारी बसून एकेक बोट उघडते, शेंगा सोलाव्यात तशी. डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं आणि म्हणाले, हातात काहीच नाही. मी म्हटलं, तीच तर तक्रार आहे साहेब, हातात काही नाही आणि तरी तो धरून बसलाय. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. वर्गाचा पत्ता दिला.

वर्ग एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भरतो. मोठी खोली, खाली सतरंज्या, एका बाजूला उघड्या खिडक्या. शिकवणाऱ्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे. बाकीच्या सगळ्या साठीच्या पुढच्या बायका, पुरुष मी एकटा. त्यांच्यात एक आजी आहेत, दोन्ही गुडघे बदललेल्या. पहिल्याच दिवशी मी जिन्याने धापा टाकत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुम्ही काम काय करता हो?’

म्हटलं, ‘लिफ्ट दुरुस्त करतो.’

आजी सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, ‘ऐका! गुडघेवाल्या लिफ्टने आणि लिफ्टवाले जिन्याने. काय बिघडलंय का हो आमच्या लिफ्टमध्ये, आम्हाला न सांगण्यासारखं?’

सगळ्या हसल्या. मीही हसलो. म्हणालो, तेवढाच व्यायाम.

वेळ झाली, निघतो. पुढचं नंतर लिहीन.

ता. १३, गुरुवार
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

लिफ्टच्या वरच्या मशीनरूममध्ये बसून लिहितोय. हल्ली मला वरचीच कामं देतात: मोटार, पॅनल, तेलपाणी. जेवणाचा डबा घेऊन जिन्याने चढतो, जिन्याने उतरतो.

वर्गातलं सांगत होतो. बाई सांगतात ते मी सगळं करतो. पाय फाकवून उभं राहायचं, हात दोन्हीकडे ताणायचे, तर मी असा उभा राहतो की वाटावं छत माझ्यावरच आहे. बाई येऊन समोर उभ्या राहिल्या.

‘हात वर करायला सांगितलेत, भुवया नाही.’

मी भुवया खाली केल्या.

‘दात कोणावर आवळलेत?’

दात सोडले तर खांदे वर आले. खांदे सोडले तर पोट आत गेलं. एक सोडलं की दुसरं पकडतं. बाई म्हणाल्या, ‘पाय जमिनीत घट्ट राहू द्या, तिथे काम आहे. बाकी ठिकाणी काम नाही, तिथल्यांना घरी पाठवा. एवढ्यासाठी अर्धी ताकद पुरते. उरलेली अर्धी वापरू नका.’

खारू, अर्धी ताकद म्हणजे काय हे मला कळत नाही रे. नट एक तर बसलेला असतो नाहीतर ढिला असतो. अर्धा बसलेला नट मी जन्मात सोडून आलेलो नाही.

शेवटी सगळे उताणे पडतात, डोळे मिटून. नुसतं पडायचं, दुसरं काही करायचं नाही. आजी तर दोन मिनिटांत घोरू लागतात. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या, माझा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला आणि सोडून दिला.

हात वरच राहिला.

मी डोळे मिटून पडलेलो, मला वाटलं बाईंनीच धरलाय. बराच वेळ तसाच. मग कोणीतरी खुदकन हसलं, मी डोळे उघडले तर बाई दूर खिडकीशी उभ्या आणि माझा हात हवेत, बस थांबवायला केल्यासारखा. बाई हसत नव्हत्या. म्हणाल्या, ‘तुम्ही धरलंय हे तुम्हाला कळतच नाही, हो ना?’

मी त्यांना ब्रेकचं सांगितलं. लोकांना वाटतं लिफ्टचा ब्रेक पाय दाबल्यावर लागत असेल, गाडीसारखा. तसं नसतं. स्प्रिंग ब्रेकला सतत आवळून धरते. वीज आली की तेवढ्यापुरता तो उघडतो आणि लिफ्टचा डबा हलतो. वीज गेली की पुन्हा घट्ट. म्हणजे लिफ्ट जेव्हा आराम करत असते तेव्हाच ती सगळ्यात जास्त आवळलेली असते. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘यंत्राचं ठीक आहे. त्याने माणसं जगतात. तुमच्यामुळे सध्या कोण जगतंय?’

मी उठलो. सतरंजी गुंडाळून आलो.

आता तुला मी लिफ्टवर अडकलो त्याचं सांगितलं पाहिजे. वहिनीने तुला सांगितलंय त्यापेक्षा ते थोडं वेगळं आहे.

तू नोकरी सोडून गेल्यावर ऑफिसने मला जोडीदार देऊ केला. मी नको म्हटलं. म्हटलं, जमेल तेवढं एकटा करतो, जड कामाला कोणी पाठवा. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. मग मीच काहीबाही सांगून वेळ काढत राहिलो. आपल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलेली रीत तुला माहीत आहे. एकाने वर मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच पाडायचा, खाली उभ्या असलेल्याने हाक मारायची, ‘धरलं का?’ आणि वरून ‘धरलं!’ असं ऐकू आल्याशिवाय डब्याच्या टपावर पाऊल टाकायचं नाही. किती वर्षं मी खालून हाक मारली आणि वरून तुझी ओ आली. तू कधी कधी मुद्दाम आवाज काढून म्हणायचास, ‘धरलं, महाराज!’ मी चिडायचो.

तर त्या दिवशी एका कचेरीची लिफ्ट होती. किरकोळ काम, टपावरचा दिवा बदलायचा. मी किल्लीने मजल्याचं दार उघडलं. टप पायाच्या पातळीला होता. आत वाकून लिफ्टच्या विहिरीत हाक मारली, ‘धरलं का?’

आणि ओ आली. ‘धरलं, दादा.’

शपथेवर सांगतो, ऐकू आली. तुझा आवाज, त्या विहिरीत घुमतो तसा. मी पाऊल टाकलं, आत गेलो, दार मागे लागलं. आत गेल्या गेल्या लिफ्ट जागीच थांबवणारं लाल बटण दाबायचं असतं, पण तू ‘धरलं’ म्हटलेलं असताना मला कधी घाई नसायची. दिवा काढायला हात वर केला आणि तेव्हा ध्यानात आलं की वर कोणी नाही. स्विच चालू आहे. तू तिकडे लांबच्या गावात पंपांच्या दुकानात बसलायस.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं.

डबा सरळ शेवटच्या मजल्यापर्यंत गेला. मी टपावर पालथा पडलो, उजव्या हाताने आडवी लोखंडी तुळई धरली. वर जागा असते ती किती, तुला ठाऊक आहे: अंगाची घडी करून माणूस मावतो, मान वर होत नाही. डबा थांबला. लाल बटण डाव्या हाताने दाबलं. म्हणजे आता मला कोणी हलवू शकत नव्हतं, आणि मीही हलू शकत नव्हतो. थैली खाली मजल्यावर, फोन थैलीत.

जेवणाच्या सुट्टीपासून कचेरी सुटेपर्यंत मी तिथे होतो. खालून कोणीतरी सारखं दार बडवत होतं, ‘अहो, दार लावा की नीट! किती वेळ लिफ्ट अडवून ठेवता?’ मी ओरडून सांगायला तोंड उघडलं तर जबडा उघडेना. मनात देवाचं नाव घेत होतो. तेही दात आवळूनच. शेवटी पहारेकऱ्याला थैली दिसली, त्याने ऑफिसला फोन केला, दोघं आले, त्यांनी काढलं.

साहेबांनी विचारलं, ‘टपावर खाली न्यायची बटणं आहेत ना? मग?’

मी म्हटलं, ‘बटणं चालली नाहीत.’

इथे थांबतो. सुट्टी संपली.

ता. १६, रविवार
सकाळी, देवापाशी बसून उठल्यावर

खारू, बटणं चालत होती.

एका हाताच्या अंतरावर होती. लाल बटण सोडवायचं, शेजारची खुंटी फिरवून तपासणीवर लावायची आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, डबा हळूहळू खाली येतो. डाव्या हाताने मी खुंटी फिरवलीसुद्धा होती. उजवा हात तुळईवरून निघाला नाही. मी त्याला सांगत होतो, सोड. आधी हळू सांगितलं, मग शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. बोटं माझी, पण मी कोण लागतो त्यांचा! डाव्या हाताने एक बोट उचकटलं तर दुसऱ्यावर जाईपर्यंत पहिलं परत बसायचं. लिफ्टने मला अडकवलं नव्हतं. लिफ्ट तयार होती.

काढायला आलेल्या दोघांनी माझी बोटं सोडवली. ते कुणाला बोलले नाहीत, भली माणसं. ऑफिसने बटणांची चांगली पेटी काढून भंगारात टाकली आणि नवी बसवली. भंगाराजवळून जाताना मी रोज तिच्याकडे बघतो.

तेव्हापासून मी एकाही लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. घरची सोड, वर्गाचीसुद्धा सोड. वहिनीला वाटतं मी हल्ली दमतो ते वयाने. रोज जिने चढून दमतो ग बाई, असं तिला सांगता येत नाही. घरात दार लागलं की मला कडी बघायला लागते. आंघोळीला दार नुसतं लोटून घेतो. पण बाहेर मोकळ्या रस्त्यावर गेलो तरी मूठ तीच. आत असलो काय नि बाहेर असलो काय. वहिनी परवा चिडून म्हणाली, ‘तोंड बंद, मूठ बंद, माणूसच बंद. उघडं काय आहे तुमचं?’

काल वर्गात एक झालं. शेवटी पडलेलो असताना बाईंनी पुन्हा माझा हात उचलला आणि विचारलं, ‘तुमचा एक भाऊ आहे म्हणालात ना? काय करतो तो?’ मी डोळे मिटूनच सांगू लागलो. पाण्याचे पंप दुरुस्त करतो, रस्त्यावरच दुकान आहे, समोर झाड आहे, त्याची मुलगी शाळेतून येऊन दुकानातच अभ्यास करते आणि गिऱ्हाइकांना म्हणते, बाबा येतील, बसा. तू वहिनीला सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगत होतो. ‘आणि दुकानात उजेड भरपूर आहे म्हणे,’ असं म्हणालो तेव्हा धप्प आवाज झाला.

‘पडला! पडला!’ आजी ओरडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दचकलो आणि लगेच पुन्हा मूठ आवळली.

‘झालं! दृष्ट लावली आम्ही,’ आजी म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, ‘एकदा पडला म्हणजे पडतो. आज पुरे.’

येताना मी लिफ्टच्या दारापर्यंत गेलो. उभा राहिलो. आजी आत होत्या, दार धरून म्हणाल्या, ‘येता का? मी आहे ना सोबत.’ मी म्हटलं, आज नको. जिन्याने आलो. पण तिथून तसाच ऑफिसात गेलो आणि साहेबांना बटणांचं खरं सांगितलं. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. रागावले नाहीत, त्यामुळे जास्त जड गेलं. म्हणाले, ‘परवा सोमवार. वृद्धाश्रमाच्या लिफ्टची वर्षाची तपासणी आहे. टपावर तुम्ही जायचं, वर जोडीदार देतो. जमलं तर काम तुमचं. नाही जमलं तर सांगा, गोदामात बसून करायचं काम आहे, त्यात कमीपणा नाही.’

जोडीदार म्हणजे तो ज्याला सगळे रेडिओ म्हणतात. तोंडाला खंड नाही. मला म्हणाला, ‘काका, तुम्ही फक्त हाक मारा, मी अशी ओ देईन की वृद्धाश्रमातले बहिरेसुद्धा हो म्हणतील.’ बरा आहे. पण त्याच्या आवाजाची माझ्या कानाला सवय नाही.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर.

तू जायच्या आधी मशीनरूममध्ये म्हणाला होतास, ‘दादा, तुझ्या हाकेला ओ देता देता मी इथेच म्हातारा होईन. खाली उजेड कसा असतो ते बघू दे मला.’ मला ते लागलं होतं. आता नाही लागत. वर अंधारात ओ देत बसणं काय असतं, ते या महिन्यांत मी मशीनरूममध्ये एकट्याने बसून पाहिलंय.

मी ये म्हटलं की तू येशील. कुलूप लावशील, मुलीची शाळा बदलशील. आणि तू आलास की मी बरा होईन, हेही मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी होईन. तू वरून ‘धरलं’ म्हणशील, मी टपावर उतरेन आणि मूठ सकाळी आपोआप उघडेल, कारण तेव्हा मुठीत तू असशील. तीन दिवस हे पत्र लिहितोय ते याच एका शब्दासाठी. पहिल्या दिवशी मी ‘ये’ लिहिण्यासाठीच बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

येऊ नकोस.

लिहिलं खरं. पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पंप दुरुस्त कर, मुलीला अभ्यासाला बसव, दुकानासमोरच्या झाडावर या वयात चढू नकोस. सुट्टीत सगळे या. पाहुणे म्हणून या, चार दिवस राहा आणि परत जा.

उद्याचं मला माहीत नाही. कदाचित दारापाशीच पाय थांबतील आणि मी गोदामात बसेन. तेही चालेल असं मी देवासमोर म्हणून आलोय. अर्ध्या मनाने म्हटलं, पण बाई म्हणतात अर्धं पुरतं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल, पण पुढेही सोमवार येतीलच, म्हणून एकच मागतो. मी विहिरीत वाकून हाक मारीन. सवयीने तुझ्याच आवाजाची वाट बघेन. तो आला तरी पाऊल टाकायचं नाही, रेडिओचा येईपर्यंत उभं राहायचं, असं मी ठरवलंय. तेवढं मला उभं राहता यावं म्हणून,

मी हाक मारली तरी ओ देऊ नकोस.

तुझा,
दादा